यजमानिणीचं गिफ्ट

या वेळी आलेली बरीचशी पत्रं एकाच विषयावरची आहेत. एखाद्या ओळखीच्या बाईच्या घरी तिच्या मैत्रिणींना जमवायचं, माल हाताळायला द्यायचा, तिथेच ऑर्डरी घ्यायच्या आणि घर देणाऱ्या बाईला त्याबद्दल काहीतरी द्यायचं. या ‘काहीतरी’पाशी सगळ्याजणी अडल्या आहेत. मी आधी दुसऱ्यांच्या वह्यांत हिशेब लिहायचे, नंतर पिशव्या आणि पर्स घेऊन घरोघरी फिरले, त्यामुळे उत्तरांत थोडी आकडेमोड येणारच.

प्रश्न: मी साबण आणि मेणबत्त्या स्वतः बनवते आणि होम पार्टीत विकते. जिच्या घरी पार्टी असते तिला गेल्या गेल्या एक छान सजवलेली टोपली भेट देते. ती खूश होते, पण येतात चार-पाच जणीच आणि विक्रीही जेमतेम. टोपली आणखी मोठी करू का?

उत्तर: मुळीच नको. टोपली आहे तेवढीच ठेवा, फक्त उशिरा द्या.

दारात दिलेली भेट म्हणजे काम सुरू व्हायच्या आत चुकती केलेली मजुरी. तिने घर आवरलं, सतरंजी घातली, तुम्ही टोपली दिलीत, फिटंफाट! त्यानंतर फोन करून मैत्रिणींच्या मागे लागायचं तिला काही कारणच उरत नाही. यात तिचं काही चुकलं असंही म्हणता येणार नाही, कारण तुम्ही तिच्याकडे दुसरं काही मागितलेलंच नाही.

तुम्हाला तिचं घर हवंय असं वाटतं, पण घर कुठेही मिळेल. तुम्हाला हवी आहे ती तिची ओळखपाळख आणि तिचा शब्द. माझी एक यजमानीण दोन खोल्यांत राहायची. बायका पलंगावर, उंबऱ्यात, जिन्याच्या पायऱ्यांवर बसायच्या आणि माझ्या ऑर्डरबुकाची पानं कमी पडायची. दुसरीचा दिवाणखाना ऐसपैस होता. तिने ग्रुपवर एक निरोप टाकला आणि विसरून गेली. त्या दिवशी पार्टीला ती, मी आणि तिच्या सासूबाई. सासूबाईंनी एक पर्स घेतली, तीसुद्धा माझी दया येऊन.

म्हणून भेट तीन कामांना बांधा आणि तारीख ठरते त्याच दिवशी तिला हे स्पष्ट सांगा.

पहिलं काम बोलावण्याचं. तारीख दोन-तीन आठवडे पुढची घ्या. तिने नावांची यादी करायची, एकेकीला वेगळा फोन किंवा निरोप करायचा, आदल्या दिवशी पुन्हा आठवण द्यायची. माझा अनुभव असा, की बोलावलेल्यांपैकी निम्म्याही धड येत नाहीत. दहाजणी हव्या असतील तर यादी पंचवीस नावांची पाहिजे. यादी ठरल्या दिवसापर्यंत तयार झाली आणि फोन झाले, तर एखादा साबण तिला आधीच द्या. आगाऊ द्यायची भेट ती एवढीच, आणि ती लहानच असावी.

दुसरं काम विक्रीचं. मुख्य भेट इथे येते आणि ती एकूण ऑर्डरींच्या प्रमाणात असते. ज्या येऊ शकल्या नाहीत त्यांनी कॅटलॉग पाहून दिलेल्या ऑर्डरीही यात धरा. हे तिला आवर्जून सांगा, कारण पुष्कळ यजमानिणी ‘आली नाही, सुटली’ असं समजून त्या मैत्रिणीला विचारतच नाहीत.

तिसरं काम पुढच्या पार्टीचं. तिच्या पाहुण्यांपैकी एखादीने स्वतःच्या घरची तारीख दिली, तर यजमानिणीच्या भेटीत एक वस्तू वाढवायची. ही वस्तू मात्र ती दुसरी पार्टी खरोखर झाल्यावर द्या. त्या क्षणी भिडेने सांगितलेल्या तारखा पुढे फार गळतात.

आता पेन्सिल घ्या. समजा १०० ची विक्री झाली आणि कच्चा माल, वेष्टन, वाया गेलेलं, सगळं धरून त्या मालाला तुम्हाला ५० खर्च आला. हातात राहिले ५०. येण्याजाण्याचे आणि नमुन्यांचे १० काढा, राहिले ४०. विक्रीच्या दहा टक्के किमतीचा तुमचा स्वतःचा माल यजमानिणीला दिलात, तर तिला १० मिळाले आणि तुमच्या खिशातून गेले ५. तेच दहा टक्के रोख दिलेत तर पूर्ण १० गेले. दुसरा मार्ग, तिच्या पसंतीची एक वस्तू अर्ध्या किमतीत. तुमचा खर्च अर्धाच असल्यामुळे त्या वस्तूवर तुम्हाला नफाही नाही आणि तोटाही नाही, आणि तिला मात्र अर्धी किंमत वाचल्याचा आनंद. माल स्वतः बनवणारीला ही मोठी सोय आहे. ज्या दुसऱ्या कंपनीचा माल कमिशनवर विकतात त्यांनी हे गणित आंधळेपणाने उचलू नये. २५ टक्के कमिशन असेल, तर विक्रीच्या दहा टक्क्यांची भेट स्वतःच्या दराने विकत घ्यायलाही साडेसात लागतात. म्हणजे २५ मधले साडेसात, कमाईचा जवळजवळ तिसरा हिस्सा. अशा कंपन्या बहुतेक वेळा यजमानिणीची भेट स्वतःच देतात. त्यावर आपल्या पदरची भर घालण्याआधी दहादा विचार करा.

आणि टप्पे. ‘जितकी विक्री तितकी भेट’ असं मोघम सांगू नका, विक्रीचे दोन टप्पे ठेवा: पहिला गाठला की एवढी भेट, दुसरा गाठला की त्याहून मोठी. मागच्या पार्ट्यांच्या विक्रीचे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लिहा आणि मधला आकडा घ्या. सरासरी काढू नका. एखादी पार्टी भरभक्कम झालेली असते, ती सरासरीला फुगवते आणि मग टप्पा कुणाच्याच हाताला लागत नाही. पहिला टप्पा त्या मधल्या आकड्याच्या आसपास, दुसरा त्याच्या सव्वा ते दीडपट. दुसरा टप्पा ‘अजून दोन-तीन ऑर्डरी’ इतक्या अंतरावर दिसला तरच बाई फोन उचलते. चौपट लांब ठेवलात तर ती पहिल्यावरच समाधान मानते, आणि मी तिच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं.

प्रश्न: माझ्या घरच्या पार्टीत एका मैत्रिणीने सगळ्यांसमोर विचारलं, ‘तुला यातून काय मिळतं गं?’ मी गडबडून ‘काही नाही’ म्हणाले. विकणाऱ्या ताईंनी शेवटी सगळ्यांच्या देखत माझ्या हातात गिफ्ट दिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे गिफ्ट गुपचूप द्यायला नको होतं का?

उत्तर: गुपचूप दिलं असतं तर आज ना उद्या कळलंच असतं, आणि तेव्हा ते जास्त बोचलं असतं. त्या ताईंनी सुरुवातीलाच एका वाक्यात सांगायला हवं होतं: ‘आज जेवढ्या ऑर्डरी होतील त्या प्रमाणात यांना आमच्याकडून माल भेट मिळणार आहे, आणि तुमच्यापैकी कुणी पार्टी ठेवली तर तिलाही मिळेल.’ या एका वाक्याने तुमची कुचंबणा टळली असती आणि त्यांची पुढच्या पार्टीची जाहिरातही झाली असती. विकणाऱ्यांनो, तुम्हीही हे वाक्य पाठ करा.

लपवावंसं का वाटतं, तेही सांगते. अशा खोलीत माणूस वस्तू बघून घेतो तसा माणूस बघूनही घेतो. जोनाथन फ्रेंझेन आणि हॅरी डेव्हिस या अभ्यासकांनी होम पार्टीतल्या खरेदीचा अभ्यास १९९० मध्ये ‘जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्च’मध्ये मांडला होता. पाहुणी काही घेईल की नाही, यावर तिचं यजमानिणीशी नातं किती घट्ट आहे आणि ती तिचं किती देणं लागते, याचा चांगलाच परिणाम होतो असं त्यात दिसलं. अभ्यास नसता तरी आपल्याला हे ठाऊकच आहे. ‘तिने माझ्या वेळी घेतलं होतं, आता मला घ्यायला हवं’ हे प्रत्येकीच्या मनात चाललेलं असतं.

म्हणजे तुमच्या मैत्रिणी काही अंशी तुमच्याखातर पैसे मोजतात. त्या भिडेतून तुम्हाला काही मिळणार असेल तर ते त्यांना आधी माहीत असणं हा त्यांचा हक्क आहे. आणि माहीत असूनही त्या घेतात, आनंदाने घेतात. ‘चल, तुझं गिफ्ट वाढवू’ म्हणून दोन वस्तू जास्त घेणाऱ्या बायका मी पाहिल्यात. एक पथ्य मात्र पाळा. टप्प्याला एक ऑर्डर कमी पडतेय, असं भर खोलीत कुणी जाहीर करायचं नाही, तुम्हीही नाही आणि विकणारीनेही नाही. अजून काही न घेतलेली एखादी बाई कोपऱ्यात बसलेली असते, सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळतात. ती त्या दिवशी घेईल. पुढच्या बोलावण्याला मात्र तिला अचानक पाहुणे येतील.

आता त्या मैत्रिणीला एक फोन करा आणि ‘अगं, मिळतं, आणि तू ठेवलीस तर तुलाही मिळेल’ असं सरळ सांगून टाका.

प्रश्न: यजमानिणीला रोख पैसे, सवलत की वस्तू, काय द्यावं? थोडक्यात सांगा.

उत्तर: वस्तू. तीही तुमच्याच मालातली आणि तिने निवडलेली. ती तिच्या घरात दिसते, येणारीजाणारी विचारते, आणि तुम्ही तिथे नसताना तुमचं नाव निघतं. निवड तिची हवी, कारण न खपलेला माल भेट म्हणून खपवलात की बायकांना तो लगेच ओळखू येतो. सवलत दुसऱ्या क्रमांकावर, पण मुदत घालून द्या, नाहीतर ती वर्षभराने चिठ्ठी घेऊन उभी राहते आणि तोवर तुमचे भाव बदललेले असतात. रोख शक्यतो नकोच. पैसे हातात पडले की मैत्रीण दलाल होते, आणि तिलाही ते आवडत नाही. शिवाय रोखीत घासाघीस सुरू होते, साबणात होत नाही.

प्रश्न: मी घडी घालून ठेवता येणाऱ्या प्रवासी बॅगा विकते. माझ्या सात-आठ यजमानिणी ठरलेल्या आहेत, भेटही त्या ठरलेली घेतात. पण आता सगळीकडे त्याच त्या बायका येतात आणि विक्री दर वेळी खाली जाते. भेट वाढवून काही होईल का?

उत्तर: होईल, तुमचा खर्च वाढेल. विहिरीत पाणीच संपलं असेल तर मोठा पोहरा सोडून काय उपयोग?

तुमचा माल कसा आहे तेही बघा. साबण संपतो, मेणबत्ती जळते, बॅग दहा वर्षं टिकते. ज्यांनी घेतली त्यांना लवकर दुसरी लागणार नाही. टिकाऊ माल विकणारीला नव्या ओळखी सतत लागतात, म्हणून तुमच्या भेटीचं वजन विक्रीवरून काढून नव्या माणसांकडे सरकवायला हवं. यजमानिणीला सांगा, तुमच्या पार्टीला आजवर न आलेल्या पाचजणी आल्या तर ही भेट, आणि त्यातल्या एकीने पुढची पार्टी घेतली तर ती मोठी भेट. विक्रीवरचं प्रमाण थोडं कमी केलंत तरी चालेल. त्याच यजमानिणीकडे पुन्हा जाण्यात काही महिने जाऊ द्या, आणि जाल तेव्हा नवीन काहीतरी घेऊन जा.

नव्या माणसांत जुनी मिसळू नयेत असं म्हणत नाही हं. जुनी गिऱ्हाईक खोलीत असली की तुमचं निम्मं काम तीच करते. ‘माझी पाच वर्षं झाली, चेन अजून तशीच आहे’ हे वाक्य तुम्ही म्हणालात तर जाहिरात आणि ती म्हणाली तर साक्ष. अशा दोघी पुरेत.

या धंद्याचा जुना इतिहास इथे उपयोगी पडेल. अमेरिकेत १९३१ मध्ये सुरू झालेल्या स्टॅन्ले होम प्रॉडक्ट्स कंपनीचे विक्रेते घरोघर ब्रश आणि सफाईचं सामान विकत. दहा दारं ठोठावण्यापेक्षा एका घरी दहाजणी जमवून सामान दाखवलं तर काम सोपं होतं, हे तिथे लक्षात आलं. त्याच कंपनीचा माल विकत ब्राउनी वाइझ ही विक्रेती तयार झाली आणि पुढे टपरवेअरकडे वळली. टपरवेअरचा मालक अर्ल टपर, त्याचे डबे दुकानांत पडून राहत, कारण झाकण दाबून आतली हवा काढायची असते हे फळीवर ठेवलेला डबा सांगू शकत नव्हता. वाइझबाई भरलेला डबा खोलीभर फेकून दाखवायच्या! १९५१ मध्ये टपरवेअर कंपनीने दुकानांतली विक्री थांबवून सगळी भिस्त घरच्या पार्ट्यांवर टाकली आणि तो विभाग वाइझच्या हाती दिला. १९५४ मध्ये ‘बिझनेस वीक’च्या मुखपृष्ठावर झळकणारी ती पहिली स्त्री ठरली. १९५८ मध्ये तिला काढून टाकलं, ती कथा वेगळी आणि कडू आहे.

मला यातून तुमच्यासाठी एवढंच घ्यायचंय, की त्या पद्धतीत यजमानिणीला भेट होती, पण लोक डब्याची करामत बघायलाही येत होते. तुमची बॅग घडी होऊन हातरुमालाएवढी होत असेल तर ती पाहुणीला स्वतः घडी घालू द्या, वेळ लावून शर्यत घ्या. जी वस्तू नुसत्या फोटोवरून पुरती कळते, तिच्यासाठी कुणी संध्याकाळ मोडणार नाही, यजमानिणीला तुम्ही काहीही द्या.

प्रश्न: एका पार्टीत दणक्यात ऑर्डरी आल्या, मी यजमानिणीला दुसऱ्या टप्प्याची भेट तिथेच दिली. नंतर बऱ्याच जणींनी ऑर्डरी रद्द केल्या. आता भेट परत मागू का?

उत्तर: मागू नका, ती गेली. पुढच्या वेळेपासून पैसे जमा झालेल्या आणि माल पोचलेल्या ऑर्डरीच मोजायच्या, आणि हे पार्टीआधी लिहून द्यायचं. दोन ओळींचा निरोप पुरे: कोणत्या रकमेला काय, कुठल्या तारखेपर्यंतच्या ऑर्डरी धरणार, भेट केव्हा मिळणार. पार्टीनंतर आठवडाभर खिडकी उघडी ठेवलीत तर मागून येणाऱ्या ऑर्डरीही पकडता येतात. त्या दिवशी यजमानिणीला अगदी रिकाम्या हाताने सोडणं बरं दिसत नाही, म्हणून ठरलेली छोटी आभाराची वस्तू तेव्हा द्या. मोठी भेट पाहुण्यांच्या मालाबरोबर पाठवा. याचा एक फायदा असा, की माल वाटायला यजमानीण आपणहून उत्साहाने पुढे येते.

इतक्या ऑर्डरी एकदम का रद्द झाल्या, याचाही शोध घ्या. मला संशय आहे की शेवटच्या पंधरा मिनिटांत टप्पा गाठायची घाई झाली असावी. घरी जाऊन शांतपणे विचार केला की भिडेची ऑर्डर पहिली रद्द होते.

प्रश्न: मी विकणारी नाही, माझ्या घरी पार्टी ठेवायला एक बाई विचारते आहे. ती म्हणते की माझ्या फोनमधले पन्नास नंबर दिले तर पार्टी होवो न होवो, गिफ्ट पक्कं. देऊ का?

उत्तर: नंबर तुमच्या मैत्रिणींचे आहेत, ते गिफ्टच्या बदल्यात तुम्ही देऊ शकत नाही. निरोप तुम्ही तुमच्या फोनवरून पाठवा, ज्यांना यायचंय त्या येतील आणि ऑर्डर देताना स्वतःचा नंबर स्वतः लिहून देतील. एवढ्यावर ती बाई तयार असेल तर पार्टी खुशाल ठेवा. गिफ्ट कशावर मिळणार, तुम्हाला स्वतःला काही विकत घ्यावं लागणार का, आणि एखादीला माल परत करायचा झाला तर तो कुणी आणि किती दिवसांत घ्यायचा, हे आधी विचारा. परतीचं उत्तर तिने हसण्यावारी नेलं तर पार्टी ठेवू नका, कारण तुटकी वस्तू घेऊन मैत्रीण तुमच्याच दारात येणार आहे.

पुढच्या अंकासाठी उधारीबद्दलची पत्रं बाजूला काढून ठेवली आहेत. ज्यांना लिहायचंय त्यांनी उधारी किती जुनी आहे आणि घेणारी नात्यातली आहे की बाहेरची, एवढं जरूर कळवावं.